डब्यातला शेजार



पुढच्या महिन्यात नागपूरला माझ्या मावसबहिणीच्या नातवाचे लग्न आहे. माझा धाकटा मुलगा म्हणाला, "आई, तुला विमानाचे तिकीट काढून देतो. दीड तासात पोचशील. या वयात रात्रभर खडखडत कशाला जातेस?" मुलाची माया मला कळते. आमच्या घरात विमानाचे तिकीट परवडू लागले याचाही मला आनंद आहे. पण मी त्याला म्हटले, "तिकीट काढच, पण गाडीचे काढ. खालचा बर्थ मिळतो का बघ." तो कपाळाला हात लावून हसला. सूनबाई म्हणाली, "आईंचं आणि गाडीचं काय आहे ते काही कळत नाही."

ते काय आहे, तेच आज लिहिते.

कुणाला दागिन्यांची हौस असते, कुणाला सिनेमाची. मला लांबच्या गाडीची हौस आहे. लोकलची नव्हे. लोकलने मी तेहेतीस वर्षे महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून ये-जा केली, तिच्यात हौसेला जागा नसते. मला आवडते ती रात्र काढणारी गाडी. जिच्यात वळकटी सोडायची, शिदोरी उघडायची आणि सकाळी डोळे उघडले की खिडकीबाहेर वेगळीच माती दिसते, ती गाडी.

माझा जन्म भुसावळचा, १९५६ सालचा. म्हणजे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षातला. बाबा लोकोशेडमध्ये खलाशी होते. इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरून राख झाडायची, कोळसा वाहायचा हे त्यांचे काम. रात्री घरी आले की फक्त डोळे आणि दात दिसत. पण रेल्वेच्या नोकरीत एक श्रीमंती होती. वर्षाला कुटुंबाचा पास मिळे. आमच्या घरात दोनच पातळे आणि एक कंदील होता, पण आम्ही भावंडांनी मनमाड, नागपूर, इटारसी पाहिले होते. शाळेत गुरुजींनी भूगोलात विचारले की आमचा हात आधी वर होई.

बाबा फारसे शिकलेले नव्हते. पण गाडीत बसले की ते आमचे मास्तर होत. प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती ते आम्हाला वाचायला लावीत. कसाऱ्याला सुमारे तीनशे मीटर आणि इगतपुरीला सुमारे सहाशे. मधले अंतर फक्त चौदा किलोमीटर. जिथे चढ सगळ्यात तीव्र, तिथे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तो घाट. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचे ओढते, मागची ढकलतात. बाबा म्हणत, "मागून ढकलणाऱ्याचं तोंड कोणी पाहत नाही, पण तो नसला तर गाडी घाटात अडते." तेव्हा आम्हाला वाटे, बाबा इंजिनाबद्दल बोलतात.

दुसरी गंमत वेगाची. रुळांचा एक तुकडा तेरा मीटरचा. दोन तुकड्यांच्या जोडावरून चाक गेले की खट्ट आवाज होतो. घड्याळ लावून सत्तेचाळीस सेकंद ते खटके मोजायचे. जितके खटके तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये. साठ खटके तर साठ किलोमीटर. बाबांकडे घड्याळ नव्हते. ते समोरच्या उतारूच्या मनगटाकडे बघून मोजत, आणि तो उतारूही मग आमच्याबरोबर मोजू लागे. आता रूळ एकमेकांना सांधून लांबच्या लांब अखंड केलेले असतात, त्यामुळे तो आवाज बहुतेक ठिकाणी गेला. प्रवास मऊ झाला खरा, पण लहान मुलांचे एक गणित गेले.

नोकरीसाठी मी मुंबईला आले आणि नागपूरकडची रात्रीची गाडी माझी झाली. चाळीस वर्षांत ती वाट मला पाठ झाली आहे. संध्याकाळी कल्याण सोडले की दिवे मागे पडतात. घाटात गार वारा लागतो. पूर्वी इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबे, कारण मुंबईकडची वीज वेगळी आणि पुढची वेगळी, म्हणून इंजिन बदलावे लागे. आता वीज एकच झाली. मनमाडच्या आसपास दिवसा गेलात तर अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव झोपेत जातात. भुसावळला मात्र मला आपोआप जाग येते. फलाटावर केळी असतात, चहावाल्याची आरोळी असते. मी उतरत नाही, नुसती खिडकीतून शेडच्या दिशेला बघते. मग शेगावची कचोरी, आणि उजाडता उजाडता मूर्तिजापूर. तिथून यवतमाळला आणि अचलपूरला लहान रुळांची शकुंतला गाडी जायची. ती आता बंद पडली. माझ्या आईचे माहेर त्या बाजूचे. काळी माती, कपाशी, तूर, आणि ओट्यात कापूस वेचणाऱ्या बाया. त्या वाकलेल्या पाठी बघितल्या की मला आजी आठवते.

पण गाडीत मला सगळ्यात जास्त आवडतो तो शेजार. आठ अनोळखी माणसे एका खणात बसतात. पहिल्या तासात कुणी बोलत नाही. दुसऱ्या तासात बाळ रडते आणि कुणीतरी बिस्किट पुढे करते. रात्री मधला बर्थ उघडताना चार हात लागतात. सकाळी सगळे एकमेकांच्या मुलींची लग्ने जुळवायला बसलेले असतात. चाळीत वर्षानुवर्षे जुळत नाही ते इथे एका रात्रीत जुळते.

आणि याच शेजाराने मला एकदा उघडे पाडले. ही गोष्ट मी आजवर लिहिली नाही. घरातही सांगितली नव्हती.

साल १९८१. दसऱ्याच्या आदल्या रात्री मी आणि आई मुंबईहून नागपूरला निघालो होतो, दीक्षाभूमीवर जायला. मी पंचवीस वर्षांची होते. नोकरी पक्की झाली होती, अंगावर नवी साडी होती, स्वतःच्या पगारातून काढलेले आरक्षण होते. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले होते. आईला पहिल्यांदाच माझ्या पैशाने गाडीत बसवले होते, त्यामुळे मी जरा हवेतच होते.

त्या काळी डब्याच्या दाराशी उतारूंच्या नावांचा कागद चिकटवीत. नाव, आडनाव, वय, सगळे त्यावर असे. चढताना प्रत्येक जण आपले नाव बघे आणि जाता जाता शेजाऱ्यांचेही वाचून घेई. आमचे आडनाव असे आहे की ते आपल्यातही असते आणि वऱ्हाडात इतर दोन-तीन जातींतही असते. आमच्या समोर एक मध्यमवयीन जोडपे होते, अकोल्याच्या पुढे राहणारे. बाई मोठी बोलकी. रात्री तिने आईला पायाशी घ्यायला आपली शाल दिली. सकाळी अकोला सोडल्यावर तिने डबा उघडला. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. दोन पुऱ्या तिने माझ्या हातावर ठेवल्या, दोन आईच्या. आणि हसत विचारले, "आडनावावरून वाटलंच मला. तुम्ही कुणबीच ना?"

मी मान हलवली.

तोंडाने मी काही बोलले नाही. पुष्कळ वर्षे मी स्वतःला हेच सांगत राहिले, की मी खोटे बोलले नाही, नुसती मान हलली. पण मान कुणी दुसऱ्याने हलवली नव्हती. पुरी खाल्लीही. चांगली झाली होती.

आईने पुऱ्या कागदात गुंडाळून मांडीवर ठेवल्या. म्हणाली, "मग खातो."

बडनेऱ्याला गाडी थांबली. फलाट माणसांनी भरला होता. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे. सगळे नागपूरला निघालेले. समोरची बाई कपाळाला आठी घालून नवऱ्याला म्हणाली, "दार लावून घ्या हो. आता यांची गर्दी घुसेल." तिने ते माझ्याकडे बघून म्हटले. मला आपल्यातली समजून म्हटले. मी खाली बघितले.

फलाटावरच्या एका म्हातारीने खिडकीतल्या माझ्या आईकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "जयभीम माय." माझी आई जागेवरून उठली. खिडकीच्या गजांतून दोन्ही हात बाहेर काढून साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जयभीम!"

डब्यात कुणी शिवी दिली नाही. कुणी उठून गेले नाही. समोरच्या बाईने डब्याचे झाकण लावले. पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. तिच्या नवऱ्याने वर्तमानपत्र उघडले. थोड्या वेळाने तिने आईच्या पायाजवळची शाल काढून घडी घातली. वर्ध्यापर्यंत, नागपूरपर्यंत त्या खणात एक शब्द कुणी बोलले नाही. आईही माझ्याशी बोलली नाही.

नागपूरच्या फलाटावर उतरल्यावर तिने कागदातल्या पुऱ्या एका कुत्र्याला घातल्या. मग मला म्हणाली, "पोरी, तुया बापानं शेडात सर्वाइदेखत आपलं नाव सांगतलं. त्याच्या अंगाले कोयसा होता. तुया अंगाले तं नवं लुगडं हाय. तूं काहून लपवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पूर्ण उत्तर नाही. भीती नव्हती, कुणी मारणार नव्हते. मला वाटते, मला तो शेजार टिकवायचा होता. ती शाल, त्या पुऱ्या, ते हसणे हवे होते. एका मानेच्या हलण्यात ते टिकत होते. पण ते मला मिळालेच नव्हते. त्या बाईने मनात जी कुणी धरली होती, तिला ते मिळाले होते.

पुढे कधीतरी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी वाचल्या. त्यातली पहिली हकीकत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९०१ साली साताऱ्याजवळच्या स्टेशनवरून लहानगा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले गोरेगावला वडिलांकडे निघाली. वडील तिथे खजिनदार होते. अंगात नवे कपडे, मनात गाडीची मौज. गाडीत सगळे सुखरूप झाले. मसूरला उतरल्यावर न्यायला कुणी आले नव्हते. कपडे पाहून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुले वाटली, म्हणून त्याने आपुलकीने चौकशी केली. तुम्ही कोण, असे विचारल्यावर नऊ वर्षांच्या मुलाने विचार न करता खरे ते सांगितले. मास्तरचा चेहरा पालटला. पुढे दुप्पट भाड्याने बैलगाडी, गाडीवान बाजूने चालतो आणि मुले गाडी हाकतात, आणि रात्रभर घोटभर पाणी नाही.

ती हकीकत मी शाळेपासून ऐकत आले होते. पण १९८१ नंतर वाचली तेव्हा मला वेगळेच दिसले. आगगाडीने त्या मुलांना काही विचारले नव्हते. त्यांच्या तिकिटावर जात नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली तेव्हापासून डबे भाड्याप्रमाणे लागले, जातीप्रमाणे नाही. जात बसली होती ती माणसांत. स्टेशनांवर पाण्याचे सुद्धा हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगळे माठ होते. बाबा सांगत, की आपल्याला दोन्हीकडे ओंजळच धरावी लागे, पाणी वरून पडे.

नंतर पुष्कळ बदलले. १९७४ मध्ये तिसरा वर्ग बंद झाला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबईहून हावड्याला गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिच्यात पहिला वर्गच ठेवला नव्हता. रेल्वेमंत्री आपल्या कोकणचे प्रा. मधू दंडवते होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्याच काळात. गरिबाच्या पाठीचा विचार करणारा मंत्री म्हणून माझ्या मनात त्यांना मोठी जागा आहे. पण गाडीतला वर्ग मंत्र्याला काढता येतो. खणातली जात उतारूंनाच काढावी लागते. आणि ती काढण्याची पहिली पायरी म्हणजे आपण आपले नाव न लपवणे. ही पायरी नऊ वर्षांच्या मुलाने विचार न करता चढली. मी पंचविसाव्या वर्षी विचार करून उतरले होते.

त्यानंतर मी एक नियम केला. आपण होऊन पाटी लावायची नाही, पण विचारले तर सरळ सांगायचे. "आम्ही बौद्ध." दोन शब्द. चाळीस वर्षांत काय काय झाले म्हणाल, तर सगळे झाले. काही झाकणे लागली. एकदा एका गृहस्थाने लगेच आरक्षणावर व्याख्यान सुरू केले, मीही भुसावळपर्यंत उत्तर दिले. पण पुष्कळदा काहीच झाले नाही. एक मारवाडी आजोबा "बरं बरं" म्हणाले आणि लिंबाचे लोणचे वाढत राहिले. १९९८ मध्ये आम्ही बोधगयेला गेलो. मुंबईहून भुसावळ, इटारसी, जबलपूर, मुगलसराय असा दीड दिवसाचा प्रवास. मुगलसरायचे नाव २०१८ मध्ये बदलले, पण माझ्या तोंडी जुनेच बसले आहे. पुढे डेहरीला सोन नदीवरचा पूल लागतो. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, १९०० सालचा. गाडी पुलावर आहे आणि पूल संपतच नाही. समोर एक बिहारी म्हातारी होती. तिने विचारले, मी सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे गयेला तुमच्याच घरी चाललात." आणि कुल्हडातला अर्धा चहा माझ्या पेल्यात ओतला. तो चहा माझा होता. माझ्या नावाने मिळालेला.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन नागपूरला गेले. ती आठवीत आहे. मुलगा वातानुकूलित डब्याचे तिकीट काढत होता, मी हट्टाने साध्या शयनयानाचे काढायला लावले. वातानुकूलित डब्यात काच बंद, पडदे ओढलेले, प्रत्येक जण मोबाइलमध्ये. तिथे कुणी आडनाव विचारत नाही हे खरे, पण कुणी बिस्किटही विचारत नाही. नातीला मला दोन्ही दाखवायचे होते. शेजारच्या बाईने नातीला तिळाचा लाडू दिला. मग गाव विचारले, आजोळ विचारले, आणि शेवटी, "तुमच्यात लग्न कशा पद्धतीने लावतात?" आता सरळ कुणी विचारत नाही. प्रश्न वळसा घालून येतो. मी म्हटले, "आम्ही बौद्ध. त्रिशरण-पंचशील घेऊन लावतो." ती "हो का" म्हणाली आणि पाठ करून झोपली. लाडूचा डबा मात्र उघडाच राहिला होता. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

रात्री नात माझ्या बर्थवर येऊन कुजबुजली, "आजी, तिनं लग्नाचं का विचारलं?" तेव्हा तिला मी १९८१ ची गोष्ट सांगितली. मानेसकट. मुलांना कधी सांगितली नव्हती, लाज वाटे. अंधारात सांगणे सोपे गेले. मला वाटले होते, ती विचारील की तू का लपवलेस. तिने विचारले, "मग पणजीनं त्या दिवशी काहीच खाल्लं नाही?"

खाल्ले. दीक्षाभूमीच्या वाटेवर एका मंडळाची पोरे पत्रावळीवर अन्न वाटत होती. योगायोग असा, की पुरी आणि बटाट्याची भाजीच होती. पुऱ्या जाड होत्या, तेलकट होत्या. आई रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली आणि तिने सहा खाल्ल्या. सातवी अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. तेव्हा मला कळले की आईने मला माफ केले.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, घड्याळ लाव. इथं खटके ऐकू येतायत." शेजारच्या मार्गावरून गाडी वळली असावी. आम्ही सत्तेचाळीस सेकंद मोजले. तिचे अठ्ठावीस आले, माझे सत्तावीस.

तर भगिनींनो, लांबच्या गाडीने मुलांना एकदा तरी न्या. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली तेव्हापासून आपल्यासारख्यांचा हात आखडला आहे, साध्या डब्यातली गर्दीही मी जाणते. तरी वर्षाला एकदा जमवा. पिवळ्या पाट्या वाचायला लावा. शिदोरी घरची न्या आणि चार घास जास्त न्या, शेजाऱ्याला आधी आपण विचारायचे. आणि कुणी नाव विचारले तर सरळ सांगा. झाकण लागले तर लागू द्या. ज्याचे लागत नाही, तो आपला शेजारी.

माझे तिकीट निघाले आहे. खालचा बर्थ मिळाला. पुऱ्या मी करून नेणार आहे.

जयभीम.